दवाईभाऊंची छाटणी

दवाईभाऊ कुणाच्याही आमराईत शिरले की आधी माफी मागत आणि मग नमस्कार करत. नव्या माणसाला वाटे, हे गृहस्थ चुकून दुसऱ्याच्या शेतात आलेले दिसतात.

अहेरीत आमच्या घराला लागून त्यांचं बियाण्यांचं आणि पिकांच्या औषधांचं दुकान होतं, त्यावरून हे नाव पडलं. आसपासच्या गावांत फळबागेच्या योजनेतून लावलेली कलमी आंब्याची झाडं तेव्हा फळाला लागली होती. एक वर्ष फळायची, एक वर्ष रुसायची. भाऊंनी एक औषध आणलं. ते बुंध्याभोवती ओतलं की रुसव्याच्या वर्षीही झाड मोहरानं भरून जाई. उन्हाळ्यात लोक दुकानाच्या पायरीवर आंब्यांच्या टोपल्या आणून ठेवत आणि भाऊ त्या साऱ्या गल्लीत वाटत. त्या दिवसांत त्यांची चालसुद्धा बदलायची.

मग पालवी आखडली, शेंडे वाळले, फळ आवळ्याएवढं राहिलं. झाडं म्हातारी झाली, आता सरपण करा, असं जो तो म्हणू लागला. भाऊ मला म्हणाले, "म्हातारी नाई झाली पोरी. मी त्याईले झोपूच देल्लं नाई."

त्यांनी ते औषध ठेवणं बंद केलं. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन जुन्या झाडांची छाटणी शिकून आले आणि आरी घेऊन गावोगाव फिरू लागले. ते सायकलवर, मी माझ्या स्कूटीवर मागे. कॉलेजच्या सुट्टीत मला दुसरं काम नसे.

सोमारीबाईंची आमराई जंगलाला लागून होती. मोहफुलं सरली की आंबा, यावर त्यांचं घर चाले. भाऊंच्या हातातली आरी पाहून त्या म्हणाल्या, "पयले दवाई घेऊन आले, आता आरी घेऊन आले. आता काय ठेवता मले?"

भाऊ आरी घेऊन माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शेवटी बाईंनी बांधावरचं एक झाड दाखवलं. "हे एकच. बाकीच्याले हात लावायचा नाई."

भाऊंनी त्याच्या साऱ्या मोठ्या फांद्या उतरवल्या, कापांवर मोरचूद-चुन्याचा लेप दिला. चार फुटवे आले आणि पुढे तेही सुकायला लागले. खोडात कीड शिरली होती. भाऊ बुंध्याशी बसले ते उठेनात. "अजून एक खून केला मी," म्हणाले.

"रडल्यानं झाड जगते का भाऊ?" सोमारीबाई म्हणाल्या. "हे बाजू हिरवी हाये अजून. इकडं पाहा."

सायकलच्या तारेनं भाऊंनी कीड उकरून काढली. उन्हाळाभर पाणी घातलं, शेळ्यांचं खत दिलं, जंगलातला पालापाचोळा आणून आळ्यात अंथरला. अर्धं झाड वाचलं. तेव्हापासून ते एका वर्षी थोड्याच फांद्या उतरवत. झाडाला सावली राहते, घरालाही चार आंबे मिळतात. ते पाहून बाईंनी एकेक करून बाकीची झाडंही त्यांच्या हाती दिली. तसं करत करत बाईंच्या आमराईत ऊन उतरलं, झाडांमध्ये हळद लागली आणि एका वर्षी बिनऔषधाचा मोहर आला. बाईंनी पहिली टोपली भाऊंच्या दुकानी पाठवली.

भाऊंनी तिला हात लावला नाही. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला तरी तेव्हा कुठं माहीत होतं?"

"पयल्या वर्षी नव्हतं माहीत," ते म्हणाले. "चौथ्या वर्षी माहीत होतं. शेंडे पाह्यले होते मी. पण लोक टोपल्या आणून देत, भाऊ-भाऊ करत. मले ते लय आवडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती टोपली परत नेली आणि सोमारीबाईंना हेच सांगितलं. बाईंनी टोपली उचलली आणि घरात गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. गोष्ट गावोगाव झाली. काही आमरायांची फाटकं भाऊंना बंद झाली. ज्यांची उघडी राहिली तिथे ते जात राहिले.

त्यांच्या शेवटच्या आजारात एका सकाळी सोमारीबाई आल्या. खाटेपाशी खाली बसल्या.

"माफ केलं असं म्हणायले नाई आली मी," त्या म्हणाल्या. "घरामागचं मोठं झाड रायलं हाये. कुठून कापू ते सांगा."

भाऊंनी मला उशी मागे लावायला सांगितली. स्वतःचा हात झाडासारखा उभा धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवू लागले: ही फांदी यंदा, ही पुढच्या साली, काप बाहेरच्या बाजूनं उतरता घ्यायचा. मधे थकत, पुन्हा सांगत. बाई त्यांच्या हातावरच बोट ठेवून विचारत होत्या, "इथून?" आणि भाऊ म्हणत होते, "थोडं वर, बाई." त्याच आठवड्यात ते गेले.

आता लोक छाटणीसाठी सोमारीबाईंना बोलावतात. गेल्या हिवाळ्यात मी सोबत गेले होते. एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, "बाई, हे तुमाले कोणं शिकवलं?"

बाईंनी आरी पुसली. "ज्यानं बिघडवलं त्यानंच," म्हणाल्या आणि झाडावर चढल्या.