केळीच्या आळ्यातली वाटी

कानांत एक बारीक, चिवट कुंईकुंई, पायांखाली उन्हानं भेगाळलेली काळी माती आणि हातात लांब दांड्याचं एक यंत्र, अशी माझी सकाळ गेल्या महिन्यात उजाडत होती. जमिनीत धातू असला की ते यंत्र ओरडतं. जे आपल्याला वर्षानुवर्षं त्याच मातीवर उभं राहून उमगत नाही, ते त्या डोळे नसलेल्या चकतीला क्षणात कळतं, याचं मला मोठं नवल वाटे. मी ते मागवलं कपाटाच्या किल्लीसाठी. झाडांना पाणी घालताना किल्ली परसात कुठंतरी पडली आणि निवृत्त माणसाच्या हाती काही सोपवू नये हेच खरं, असं सौभाग्यवतींनी जाहीर केलं. त्या ईर्ष्येनं मी कुलूप बदलायचं सोडून यंत्र आणलं. किल्ली अजून सापडलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही तिची वाट बघत बसणार नाही.

किल्लीखेरीज मात्र पुष्कळ काही सापडलं. गंजके खिळे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, स्टोव्हचा एक पितळी पाय, पाच पैशांची हलकी चौकोनी नाणी आणि माझ्याच लहानपणच्या भोवऱ्याची आर, जिच्याभोवतीचं लाकूड केव्हाच मातीत मिसळून गेलं होतं. जुन्या हुबळीतल्या आमच्या या एवढ्याशा परसात केवढा काळ निमूटपणे नांदत होता! माणसाची स्मृती निवड करते, सोयीचं ठेवते आणि गैरसोयीचं टाकून देते. मातीला तो शहाणपणा नाही. तिच्यावर जे पडेल ते ती ठेवून घेते आणि कुणी मागितलं की देऊन टाकते.

चौथ्या दिवशी यंत्र केळीच्या आळ्यापाशी ओरडलं आणि थांबेचना. वीतभर खाली एक काळी पडलेली वाटी होती. चिंचेच्या कोळानं घासली तेव्हा चांदी उजळली आणि अक्षरं वर आली: ‘चि. दत्तात्रय यास उष्टावणाप्रीत्यर्थ मामाकडून’. दत्तात्रय म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा. ही वाटी जमिनीत असणं शक्यच नव्हतं. ती आत देव्हाऱ्यात होती. त्याच सकाळी मी तिच्यात नैवेद्याचं दूध ठेवलं होतं.

तिची हकिकत तुम्हाला सांगायलाच हवी. अण्णांनी आयुष्यातला पहिला भात त्या वाटीत खाल्ला, त्यांच्यामागून मी खाल्ला, आणि घरातल्या प्रत्येक बाळाचं उष्टावण तिच्यातच व्हायचं असा आईचा दंडक होता. पस्तीस वर्षांपूर्वी ती एकाएकी दिसेनाशी झाली. वहिनी अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याची लेक. त्या नुकत्याच आपल्या भावाच्या मुलाच्या बारशाला माहेरी जाऊन आल्या होत्या, आणि आईला तेवढं पुरलं. वाटी माहेरी गेली, असं ती उघड म्हणाली. वहिनी तेव्हा गरोदर होत्या. वाटी आल्याशिवाय या घरात उष्टावण होणार नाही, असंही आई म्हणाली आणि वहिनींच्या हातचं पाणी तिनं बंद केलं. पंधरा दिवसांनी वहिनी पुन्हा माहेरी जाऊन आल्या आणि दुसऱ्या सकाळी वाटी देव्हाऱ्यात जागच्या जागी होती. कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजच उरली नव्हती. अण्णांनी तीन दिवस अबोला धरला, चौथ्या दिवशी सोडला आणि बाळाचं उष्टावण आटोपल्यावर बिऱ्हाड विद्यानगरला हलवलं. अण्णांचं मन मोठं, त्यांनी बायकोची चूक पोटात घातली, असं आम्ही सगळे कौतुकानं म्हणायचो. मीही म्हणायचो.

आता दोन्ही वाट्या मांडीवर घेऊन मी परसात बसलो होतो. तोच आकार, तोच मजकूर, आणि तरीही! आमचं भांड्यांचं दुकान. घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देणं हा आमचा नित्याचा उद्योग. वडील छिन्नीनं ठोकून, ठिपक्याला ठिपका लावून नाव घालत. मी गल्ल्यावर बसेपर्यंत विजेवर चालणारं पेन आलं होतं, आणि त्याची थरथरती सलग रेघ मी स्वतः हजारो डबे-तांब्यांवर ओढली. डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून, नाव कशानं घातलंय ते मी सांगत असे आणि त्याची प्रौढीही मिरवत असे. जमिनीतल्या वाटीवर छिन्नीचे ठिपके होते. देव्हाऱ्यातल्या वाटीवर विजेच्या पेनाची रेघ होती, आणि अण्णांच्या उष्टावणाच्या वेळी तसलं पेन आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं. पस्तीस वर्षं ती वाटी मी रोज हातात घेत होतो. मला दिसलं नाही, की मला पाहायचंच नव्हतं? चोर सापडल्यावर मालाकडं कोण बारकाईनं बघतं?

आणि खरी वाटी केळीखाली गेली कशी? परसातल्या दगडावर राखेनं भांडी घासायची आणि उरलेली राख केळीच्या आळ्यात लोटायची, ही आमच्या घरची रीत होती. पण चांदीच्या भांड्यांना आई दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. म्हणजे राखेबरोबर वाटी लोटणारा हात कुणाचा, याचा विचार मी तिथंच थांबवला. आईला जाऊन बारा वर्षं झाली. नव्या वाटीकडं पाहून तिला कधी शंका आली असेल का? आली असेल, तर तिनं ती कुठं पुरली असेल? डोकं इतकं भणाणलं की यंत्र बंद करायचं राहून गेलं आणि ते पायाशी कुंईकुंई करत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्या पिशवीत घालून मी विद्यानगर गाठलं. अण्णा भाजी आणायला गेले होते. वहिनींपुढं वाट्या ठेवल्या आणि कुठली वाटी कुठं सापडली ते सांगितलं. त्यांनी जुनी वाटी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि हलक्या हातानं परत ठेवली. मग शेंगा निवडताना बोलावं तितक्या साध्या स्वरात त्या सांगत गेल्या. माहेरची चांदीची पैंजणं मोडून त्यांनी धारवाडच्या एका सोनाराकडून तशीच वाटी करून घेतली होती आणि नावही तिकडंच घालून घेतलं होतं. मजकूर त्यांना पाठ होता. पोटातल्या लेकराचं उष्टावण अडू नये, एवढंच मनात होतं. वाटी परत आली म्हणजे आपणच ती नेली असं ठरतं, हे ती देव्हाऱ्यात ठेवल्यावर ध्यानात आलं. अण्णांना सांगायचं तर ते चौथ्या दिवशी बोलू लागले तेच असं, की झालं ते झालं, मी तुला कधीही काही विचारणार नाही. त्यांनी खरोखरच विचारलं नाही.

मला फार लाज वाटली. अण्णा आले की आत्ताच्या आत्ता सगळं सांगून टाकतो, असं मी म्हणालो. त्यावर वहिनींनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“तेवढं करू नका, भाऊजी. एवढी वर्षं त्यांनी मला एका शब्दानं टोचलं न्हाई. माझी चूक पोटात घालून जगलेत ते. आता चूकच नव्हती म्हणून सांगितलं, तर त्या माणसानं काय करायचं?”

हा त्याग म्हणावा, की हट्ट, की मुरलेली माया? सत्य हाती घेऊन मी ताठ मानेनं गेलो होतो, आणि इथं तर त्याला बसायला जागाच नव्हती. निरपराध माणसाला न्याय मिळावा आणि त्यानंच तो नको म्हणावा, अशा वेळी तिसऱ्यानं कुणाचं ऐकायचं? एवढ्यात फाटक वाजलं. वहिनींनी झटकन जुनी वाटी पदराआड केली. दुसरी टेबलावर तशीच राहिली.

अण्णा आत आले, त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि त्यांची नजर वाटीवर गेली. चेहरा क्षणभर कसनुसा झाला. मग ते वहिनींच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात, अर्धं कानडीत, मला म्हणाले, “बाळू, साकु. पुरे झालं ते आता. वाटी घरी घेऊन जा. हिला त्रास होतो बघून.”

वहिनी खाली बघत होत्या, आणि त्यांचा हात खांद्यावरच्या त्या हातावर होता. पस्तीस वर्षं त्या घरात कोण कुणाला सांभाळून घेत होतं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी अण्णांना ‘बरं’ म्हणालो आणि वाटी पिशवीत ठेवली.