आत्याच्या दाराची कडी

अन्याय झालाय तो माझ्या मार्थाआत्यावर. राहणार खर्डा, तालुका जामखेड. यंदा गुड फ्रायडेच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. आणि तो करणाऱ्यांना तिच्या घरात मीच घेऊन गेले होते, हेही आधीच लिहून टाकते.

मी अंधश्रद्धेविरोधात पत्रकं वाटणारी पोरगी. भानामती, करणी असलं काही माझ्यासमोर बोललात तर भर चौकात पुरावा मागेन. त्यामुळे खालचं वाचून हसायचं तर हसा... मीही हसलेच होते.

आत्याला लहानपणापासून दिसत नाही. एकटी राहते, वेताच्या खुर्च्या विणते. दाराला लोखंडी कडी आहे, आतून-बाहेरून उचलता येणारी. खट्ट... आणि मागोमाग बारीक खुळखुळ. ती वाजली की आत्या पाठमोरीच विचारणार, "कोन हाय?" एवढ्या भरवशावर तिनं सगळा जन्म एकटीनं काढला.

पुण्याहून तिघं आले. मोबाईलसाठी आवाज बनवतात ते — बटण दाबलं की टिक, मेसेज गेला की टुंग, तसले. फोनचं लॉक उघडताना वाजायला त्यांना "अस्सल गावाकडचा" आवाज हवा होता. केसाळ माईक धरून कडी तीस-चाळीस वेळा वाजवली. मग संमतीचा कागद मीच वाचून दाखवला : आवाज कायमचा देत आहे.

"कायमचा?" आत्या म्हणाली. "मंग मला काय ऱ्हानार?"

"अगं, कॉपी असते ती. कडी कुठं जातेय?"

"तू शिकल्याली. आन, लावते अंगठा."

दोनेक महिन्यांनी तो आवाज त्यांच्या ॲपमधून लोकांच्या फोनमध्ये आला. त्याच आठवड्यात शेजारच्या लताकाकूंचा फोन : "पोरी, आत्या दार सोडंना. लगेच ये."

गेले. आत्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेली, एक हात वर कडीवर. खुर्ची अर्धी विणून पडलेली.

"अशी काय बसलीस गं?"

"दिसभर दार उघडतंय. अन् आत कुनीच येत न्हाई."

मी कडी उचलली, सोडली. आवाज नाही. आपटली. पान्यानं ठोकली... लोखंडावर लोखंड, आणि काहीच नाही! जामखेडहून नवी कडी आणली. दुकानात खणखणीत वाजत होती. आत्याच्या दाराला बसवली — मुकी. काढून काकूंच्या दाराला लावली — वाजली.

मग माझ्या पद्धतीनं तपासलं. काकूंना आत्याजवळ बसवलं. मी एसटी स्टँडवर जाऊन, ते ॲप टाकलेला माझा फोन पाच वेळा उघडला, वेळा टिपल्या. आवाज एवढासा, शेजारच्या बाकड्यापर्यंतही जाणार नाही. परतले तर काकूंच्या हातावर पेनानं वेळा लिहिलेल्या. माझ्या पाचही जुळल्या. पण खाली कोपरापर्यंत आणखी होत्या.

"काकू, ह्या कुणाच्या?"

"मला काय म्हाईत? ती 'उघडलं' म्हनली की मी लिव्हलं. हात सपला बाई माझा."

पुण्याच्या त्या ऑफिसला फोन लावला. तिकडून थंड आवाजात उत्तर — "मॅडम, कॉपी घेतली म्हणून मूळ आवाज जातो का कधी?" माझंच वाक्य.

आत्या आता रविवारी चर्चलाही जात नाही. झोपते तीही कडी धरून. म्हटलं, माझ्याकडे नगरला चल.

"तितं तर मानसागनिक मोबाईल. हितं निदान दार कुठं हाय ते ठावं हाय."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही.

तुमच्या फोनमध्ये 'जुनी कडी' नावाचा लॉकचा आवाज असेल तर सेटिंग्जमध्ये जा आणि बंद करा. पत्रक वाचून खिशात कोंबता तसं करू नका. हे वाचायला फोन उघडलात, तेव्हाच ती एकदा दचकलीय. पुन्हा उघडायच्या आत बंद करा.