आयर्लंडचं स्थळ

जळगावच्या पिंप्राळ्यात बसून आयर्लंडच्या सरकारवर नजर ठेवणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. दर शुक्रवारी पहाटे, कोंबडंसुद्धा कूस बदलून पुन्हा झोपतं अशा वेळी, नानांच्या घरात टीव्ही सुरू होतो. त्यातून आयर्लंडचे मंत्री, विरोधक, पत्रकार आणि एक कडक निवेदिका एकमेकांवर तुटून पडतात. तिकडे ती गुरुवारची रात्र असते. जेवणंखाणं आटोपून, पायजमे चढवून लोक राजकारणाची ही भांडणं बघतात आणि मग झोपायला जातात. नाना त्याच भांडणाने दिवस सुरू करतात. आमची भिंत एकेरी विटेची आहे, त्यामुळे त्या देशाचा अर्थसंकल्प मला झोपेत ऐकावा लागतो. ती बोली अशी लाटांसारखी चढते-उतरते, की शब्द विरघळून जातात आणि नुसता सूर माझ्या स्वप्नात शिरतो. एका पहाटे तर मला स्वप्न पडलं, की धुळ्याच्या स्टँडवर धुकं पडलंय आणि आयर्लंडचा अर्थमंत्री हातात पिशवी घेऊन मला विचारतोय, एरंडोलची गाडी लागली का.

स्वप्नात धुळ्याचं स्टँड यायचं कारण म्हणजे नानांची सगळी नोकरी तिथे कंट्रोलर म्हणून गेली. काचेच्या खोलीत बसून, भोंग्यातून चाळीसगाव, धरणगाव, शिरपूर अशी गावं पुकारण्यात त्यांची हयात सरली. पण स्टँडवर त्यांना मान होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. धुळे-जळगावकडच्या कुठल्याही घरात मुलीसाठी स्थळ आलं, की बाप आधी नानांकडे यायचा. नाना त्या गावाच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला गाठायचे. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे परतणारी. ड्रायव्हर पारापाशी गाडीतच झोपायचा, आणि उन्हाळ्याच्या रात्री उघड्या खिडक्यांतून साऱ्या गावाचा संसार त्याच्या कानावर पडायचा. नाना त्याला शेती विचारायचे नाहीत, की मुलाचा पगार विचारायचे नाहीत. म्हणायचे, "बठ्ठास्ना घरमा भांडन ऱ्हास. रुसेलले जेवाले कोन बलावस, तेवढं सांग." भांडण सगळ्यांच्याच घरात होतं; पण त्यानंतर रुसून बसलेल्याला जेवायला हाक मारणारं कुणी असलं, तर घर चांगलं. नसलं, तर बागायत कितीही असो, नानांचा नकार. त्यांनी होकार दिलेल्या पोरी आज नातवंडं खेळवत आहेत, असं अक्का सांगतात. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. नवऱ्याचं कौतुक त्या फक्त त्यांच्या पाठीमागे करतात.

आणि ज्या माणसाने अख्ख्या मुलखातल्या लेकींची घरं तपासली, त्याची एकुलती एक लेक सोनल नर्स होऊन परस्पर आयर्लंडला निघून गेली. गॉलवे नावाच्या गावी तिला दवाखान्यात नोकरी लागली. काही वर्षांनी तिचा फोन आला, की इथे कायमचं राहायचं मनात आहे. त्यासाठी त्या देशाचं नागरिकत्व घ्यावं लागेल आणि भारताचं सोडावं लागेल. "पण नाना, तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात, तर मी परत येते." पोरीने गळ्याशपथ सांगितलं होतं. दुसरा एखादा बाप हो तरी म्हणाला असता किंवा नाही तरी. नाना म्हणाले, "चौकशी करीसन सांगस." आणि त्यांनी एका देशाची चौकशी सुरू केली. मी हसलो, तेव्हा माझ्यावरच उखडले. "आंडेर तठे दी ऱ्हायनूत, आन घर दखानं नही?" लेक द्यायची आणि घर बघायचं नाही, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

आता आयर्लंडला मुक्कामी गाडी कुठली? नानांनी इंटरनेट पालथं घालून ती शोधली. ती म्हणजे हा रात्रीचा कार्यक्रम. घरचे लोक पाहुण्यांसमोर गोडच बोलतात, खरे कळतात ते रात्री, आपसात भांडताना, हा त्यांचा जुना सिद्धान्त. त्यांचं इंग्रजी बेताचं. पण शब्द कळले नाहीत तरी भांडण कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि भिंतीपलीकडचा त्यांचा नि अक्कांचा संसार ऐकून ते मला पटतं. टीव्हीवर मंत्री बोलायचे तेव्हा नाना शेव-मुरमुऱ्यांचं ताट मांडीवर घेऊन, मफलर कानाला गुंडाळून, परीक्षकाच्या चेहऱ्याने बसायचे. एका प्रश्नाला उत्तर न देता पुढच्या तीन प्रश्नांवरून निसटणाऱ्या मंत्र्याला ते 'विनाथांबा' म्हणायचे. निवेदिका त्यांना फार आवडायची, कारण ती सगळ्यांना आपापल्या फलाटावर उभं करायची. ऑक्टोबर संपताना त्या देशाने आपली घड्याळं तासभर मागे घेतली, तेव्हा मात्र नानांमधला कंट्रोलर पेटून उठला. नेहमीच्या वेळी टीव्ही लावला तर कार्यक्रमच नाही! "अख्ख्या देशाचं टाइमटेबल एका रात्रीत बदललं, आणि साधी फलकावर सूचना नाही," असं ते आठवडाभर ज्याला-त्याला सांगत होते. दूधवाल्याने तर सहानुभूती म्हणून त्या देशाचा निषेधही केला.

पण खरी गंमत टीव्हीवर नव्हतीच. कार्यक्रम चालू असताना तिकडचे प्रेक्षक फोनवर लिहून आपसात टपल्या मारायचे, त्या वाचायला आणि त्यात आपलं घालायला नाना शिकले. ते मराठीत लिहायचे, फोन त्याचं इंग्रजी करायचा, आणि उत्तराचं पुन्हा मराठी. त्या मैफलीत एक मेंढपाळ होता, जो मेंढ्यांच्या बाळंतपणासाठी जागा असायचा. कॉर्क गावची एक विणकाम करणारी आजी होती, तिचं अर्धं लक्ष टाक्यांकडे आणि अर्धं मंत्र्यांच्या टायांकडे. आणि एक गृहस्थ होते, जे कार्यक्रम सुरू होताच 'हा मूर्खपणा पुरे, मी झोपायला चाललो' असं जाहीर करायचे आणि शेवटपर्यंत तिथेच असायचे. नानांनी या सगळ्यांना मनोमन व्याही करून टाकलं होतं. त्यामुळे त्यांच्याशी बोलायची रीतही व्याह्यांचीच. एखादा पुढारी टेबलावर मूठ आपटून बोलला, की नाना विचारायचे, हा घरीही असाच ओरडतो का? याच्या आईचा स्वभाव कसा आहे? एकदा तर थेट विचारलं, तुमच्या घरात दारूबिरू चालते का? तिकडे नुसता हशा उसळला, पण उत्तर कुणी देईना. शेवटी कॉर्कच्या आजीने लिहिलं, "थोडीशी." नाना खूश झाले. म्हणाले, बाई खरं बोलते. मंत्र्याचं 'विनाथांबा' हे नाव तर तिकडच्या लोकांना इतकं आवडलं, की पुढे तेही त्याला त्याच नावाने ओळखू लागले. हिवाळ्यात नानांनी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा फोटो टाकला, तेव्हा मेंढपाळाने काळजीने विचारलं, हे काय मेलंय? कॉर्कच्या आजीने मात्र कृती मागून घेतली, घरी भरीत केलं आणि पुढच्या आठवड्यात कळवलं, की स्वयंपाकघरात धूर झाला, पण नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं. ते सगळे नानांना जळगाव म्हणायचे. सुरुवातीला "सुप्रभात, जळगाव" यायचं, शेवटी नाना "शुभ रात्री, आयर्लंड" लिहायचे, आणि भिंतीअलीकडे मी कूस बदलायचो.

अशी चौकशी लांबत गेली. दर रविवारी सोनल विचारायची, "नाना, म्हणा ना एकदाचं काहीतरी." नाना म्हणायचे, चौकशी चालू शे. कधी घरभाडं फार आहे, कधी पाऊस फार आहे, कधी विनाथांबावर त्यांचा भरवसा नाही. अक्का वैतागायच्या. "त्या गोरास्ना भांडने ऐकू येतस, मी सांगस ते ऐकू येस नही." आणि एकदा नाना बाहेर गेले असताना माझ्या हातात भाजीची वाटी देत हळूच म्हणाल्या, "चौकशी कशानी भाऊ? त्यासले पोर घर पाहिजे." मी वाटी घेऊन घरी आलो, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. नानांनी नुसतं नाही म्हटलं असतं, तर पोर परत आली असती. ज्या माणसाने आयुष्यात खोटी चौकशी केली नाही, तो स्वतःच्या लेकीच्या बाबतीत खोटं कारण शोधत होता, ते सापडत नव्हतं म्हणून नाही म्हणवत नव्हतं, आणि पोर घरी हवी म्हणून हो म्हणवत नव्हतं.

मग एका पहाटे ते कारण चालत आलं. त्या दिवशी विषय होता बाहेरून येऊन त्या देशात राहणाऱ्या माणसांचा. टीव्हीवर कुणी गृहस्थ तावातावाने म्हणाला, की परके येतात म्हणून आमच्या लोकांना घरं मिळत नाहीत. फोनवरच्या मैफलीत कधी न पाहिलेली नावं येऊन वाटेल ते लिहू लागली. आणि एकाने थेट नानांना लिहिलं, "तू आपल्या देशात बस, आमच्यात कशाला नाक खुपसतोस?" टीव्ही बंद झाल्याचा आवाज मला भिंतीतून आला. सकाळी नाना ओट्यावर बसले होते, मफलर न गुंडाळता. मला बघून एवढंच म्हणाले, "मी ते मनाच घरमा बशेल शे ना भो?" खरंच, ते स्वतःच्याच घरात तर बसले होते. त्या रविवारी त्यांनी सोनलला सांगून टाकलं, की हे स्थळ जमत नाही. "बरं नाना," म्हणाली आणि फोन ठेवला. अक्कांनी नानांशी बोलणं टाकलं. आणि नानांना हवं ते मिळालं होतं, तरी ते दोन घास खाऊन ताट सारायला लागले.

पुढच्या शुक्रवारी मला सवयीने जाग आली. भिंतीपलीकडे चिडीचूप. बाहेर दाट धुकं, जंक्शनवरून एखाद्या मालगाडीची शिट्टी, आणि कुठेतरी दुधाच्या किटल्यांचा आवाज. झोप येईना, म्हणून मी माझ्या फोनवर तो कार्यक्रम लावला. टीव्हीवर मंत्री रुग्णालयांवर बोलत होते, पण खाली प्रेक्षकांचं लक्ष तिकडे नव्हतंच. मेंढपाळाने लिहिलं होतं, "जळगाव, आहेस का? गेल्या आठवड्यात आमच्या घरातले काही जण वाईट बोलले. ते आमचेच आहेत, नाकारत नाही. पण लाज वाटली." झोपायला जाणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "जळगाव आल्याशिवाय मी झोपणार नाही." आणि त्याखाली कॉर्कची आजी, पुन्हा पुन्हा, तेच, "जळगाव, रागावू नकोस. चहा ठेवलाय. ये."

मी चपलासुद्धा न घालता नानांचं दार वाजवलं. नाना जागेच होते. अंधारात, बंद टीव्हीसमोर. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. आजीची ओळ त्यांनी पुन्हा सांगायला लावली. मग स्वतःच्या डोळ्यांनी ती इंग्रजी अक्षरं पाहिली, बोट ठेवून. आतून अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. नाना कुणाकडे न बघता म्हणाले, "रुसेलले बलावतस भो." आणि फोन मला परत देत, "घर चांगलं शे." असा पडलेला चेहरा करून कुणी स्थळाला होकार दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. चौकशी खरी निघाली होती, आता त्यांना पळवाट नव्हती. त्यांनी सोनलला फोन लावला. ती तिकडे रात्रपाळीवर होती. "हो म्हणतो बेटा, कर तुझ्या मनासारखं," एवढं नाना बोलले आणि फोन अक्कांकडे दिला. दोघी मायलेकी रडत राहिल्या. नंतर अक्कांनी डोळे पुसत आम्हा दोघांच्या हातावर साखर ठेवली.

मग नाना माझ्याकडे वळले. एक शेवटचं लिहायचं आहे, पण ते फोनच्या मराठी-इंग्रजीवर सोडवत नाही, तू तुझ्या हाताने कर, म्हणाले. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझं इंग्रजी काही फार बरं नाही, पण त्या पहाटे मी जपून लिहिलं. "आयर्लंडच्या सर्व व्याही मंडळींना जळगावचा नमस्कार. आमची एकुलती एक पोर तुमच्या घरात देतो आहोत. कामाला वाघ आहे, पण जरा हट्टी आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या. आणि कधी रुसली, तर तिला जेवायला बोलवा."

उत्तरं येऊ लागली तेव्हा नाना तिथे नव्हते. मागच्या अंगणात जाऊन ते उगीचच नळ उघडून उभे होते. मी फोन घेऊन गेलो, म्हटलं नाना, बघा तरी, सगळे काय काय म्हणताहेत. त्यांनी ओल्या हाताने फोन बाजूला केला. "आते ते तिनं घर शे," म्हणाले. "आपन डोकावानं नही."

त्यानंतर नानांनी तो कार्यक्रम कधी लावला नाही. शुक्रवारी पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो, कपबशीचा आवाज येतो, दोघं चहा पितात. मला मात्र अजून त्याच वेळी जाग येते. आणि भिंतीपलीकडे कुणी भांडत नाही, म्हणून पुन्हा झोप लागत नाही.