दोन पत्रं आणि एक सुरकुती

मी फारसं कुणाचं कौतुक करत नाही, हे आमच्या लॅबच्या भिंतींनासुद्धा माहीत आहे. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागातल्या मागच्या खोलीत काढली, त्यातली शेवटची बारा हेड टेक्निशियन म्हणून. या काळात माझ्या हाताखाली वीस-बावीस पोरं-पोरी आली आणि गेली. त्यांच्यापैकी एकीबद्दल लिहावंसं वाटलं, म्हणून हा खटाटोप.

ती आली तेव्हा बावीस वर्षांची होती. उंची अशी, की मशीनसमोरच्या स्टुलावर बसली की पाय लोंबकळायचे. मी पहिल्याच दिवशी तिला 'मायक्रॉन' म्हणायला लागलो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आमचा सगळा संसार त्यावरच चालतो. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो आम्ही मेणात बसवतो, मेणाचा ठोकळा मशीनला लावतो आणि त्याचे तीन-तीन मायक्रॉनचे काप काढतो. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, स्लाइडवर अलगद उचलायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा. काप जाड झाला किंवा फाटला, की डॉक्टरांना काही दिसत नाही आणि मग ते आमच्या नावाने शंख करतात.

नाव ठेवलं होतं चिडवायला, पण पोरीने ते कमावलं. वर्षभरात तिचा हात असा बसला, की मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, अवघड केस आली की दारातून डोकावून विचारायच्या, "मायक्रॉन आहे ना आज?" मी समोर बसलेलो असताना. मला मिरच्या झोंबायच्या, खोटं कशाला बोलू.

तिला एक खोड होती. आम्ही काप काढतो आणि पुढे सरकवतो. ही आधी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. किडनीचे तुकडे आले की विशेषच. ते सुतासारखे बारीक येतात आणि आजार जुना असला की आतला चांगला भाग जाऊन तिथे नुसता वण राहिलेला दिसतो. "हा वण एकाच्या किडनीत पसरतो आणि दुसऱ्याच्या किडनीत थांबतो. असं का?" हे तिने मला विचारलं, मी म्हटलं काम कर. तिने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हे अजून कुणाला नीट माहीत नाही. शोधायचं तर पीएचडी कर." मॅडम सहज बोलून गेल्या. हिने ते मनावर घेतलं.

पुढची दोन वर्षं आमच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. परदेशातल्या नऊ विद्यापीठांचे अर्ज, इंग्रजीची परीक्षा, कॉलेजच्या गुणपत्रिका सीलबंद पाकिटातून पाठवणं, 'मला संशोधन का करायचं आहे' यावर दोन पानांचा निबंध. तो निबंध तिने अकरा वेळा लिहिला आणि अकराही वेळा मला वाचायला लावला. शिफारसपत्रं तीन लागत होती. एक मॅडमनी दिलं, एक तिच्या कॉलेजच्या सरांनी, तिसरं तिने माझ्याकडे मागितलं. मी मन लावून लिहिलं: 'तीन वर्षांपासून ओळखतो. वेळेवर येते. कामात खोट काढायला जागा नाही.' मॅडमनी ते वाचून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, तिकडे हे वाचून वाटेल तुम्ही तिच्यावर रागावलाय. तिकडे 'माझ्या आयुष्यात पाहिलेली सर्वोत्तम' असं लिहितात." मी म्हटलं, मी अजून निवृत्त झालेलो नाही, पुढे आणखी कोण येईल काय सांगावं. शेवटी मॅडमनी सांगितलं तसं लिहिलं. सही करताना लक्षात आलं, की त्यात खोटं असं काही नव्हतं.

मुलाखती व्हिडिओवर व्हायच्या, आमच्या पहाटे सहाला. घरी तिच्या बाबांची शिलाई मशीनं पहाटेपासून खडखडायची, म्हणून ती आमच्या स्टोअररूममध्ये तुकडे टिकवायच्या फॉर्मलिनच्या कॅनांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायची. सात ठिकाणांहून नकार आला. प्रत्येक नकाराच्या दिवशी ती नेहमीपेक्षा चांगले काप काढायची. आणि मग मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. दोन्ही 'ये' म्हणणारी.

पहिलं पत्र ज्या संस्थेचं होतं तिचं नाव घेतलं की डॉक्टर लोक सरळ बसतात. तिथल्या एका नामांकित प्रोफेसरने हिला थेट आपल्या लॅबमध्ये घेतलं होतं. दुसरं विद्यापीठ नकाशावर शोधावं लागत होतं. तिथे पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये तीन-तीन महिने काम करायचं आणि मग आपली लॅब आपण निवडायची. जागा विभागाची, कुणा एका सरांची नव्हे. दोघांनाही पंधरा एप्रिलच्या आत कळवायचं होतं. एकाला हो म्हटलं की दुसरं दार बंद.

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. मॅडमनाही तसंच वाटलं. तिचे बाबा, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावरचे टेलरमास्तर, त्यांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. ते माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या मोठ्या संस्थेचं नाव सांगायचे. त्या नादात त्यांनी एकाच्या पँटची उंची दोन इंच कमी लिहून घेतली.

पण मायक्रॉनचं घोडं अडलं होतं. म्हणाली, "काका, मी दोन्हीकडच्या मुलांशी फोनवर बोलले. त्या मोठ्या लॅबमधला मुलगा आपल्यासारखाच बाहेरून गेलेला. सरांचा स्वभाव कसा आहे विचारलं तर म्हणाला, सर फार मोठे आहेत. काम कसं चालतं विचारलं, तर म्हणाला, सर फार मोठे आहेत. आणि व्हिसा तिथल्या प्रवेशावर असतो. त्या एका माणसाशी माझं पटलं नाही, तर मी जाऊ कुठे? दुसरीकडे निदान लॅब बदलता येते."

"मोठ्या माणसांशी पटवून घ्यायचं असतं," मी म्हटलं. हे मी माझ्या अनुभवावरून म्हटलं होतं.

त्यानंतर ती जेवणाच्या सुट्टीत त्या प्रोफेसरचे छापून आलेले संशोधनाचे पेपर वाचायला बसू लागली. आमच्या धंद्यातला माणूस असला पेपर वाचतो म्हणजे आधी चित्रं बघतो. एका दुपारी तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. उंदराच्या किडनीच्या कापांचे दोन फोटो शेजारी शेजारी होते. खाली लिहिलं होतं, पहिला एका उंदराचा, दुसरा दुसऱ्या उंदराचा, दोघांना तेच औषध दिलं आणि दोघांचा वण कमी झाला.

"चांगले आहेत काप," मी म्हणालो.

"ही सुरकुती बघा काका."

डाव्या फोटोच्या कोपऱ्यात बारीकशी सुरकुती होती, एका टोकाला दोन फाटे फुटलेली. काप पाण्यावरून उचलताना अशी सुरकुती कुणाच्याही हातून पडते. पण झोपून उठल्यावर चादरीला पडलेल्या चुण्या जशा रोज वेगळ्या, तशी प्रत्येक सुरकुती वेगळी असते. तिने उजवा फोटो उलटा फिरवून मोठा केला. कोपऱ्यात तीच सुरकुती होती, तेच दोन फाटे. दोन उंदीर नव्हतेच. एकाच स्लाइडचा फोटो फिरवून दोनदा लावला होता. जगभरच्या विद्वानांनी तो पेपर वाचला असेल, पण हे कुणाला दिसलं नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं. हे लिहिताना मला कमीपणा वाटायला हवा, पण वाटत नाही. तिला काम मी शिकवलंय.

"मी त्यांना कळवणार आहे," ती म्हणाली.

माझा पारा चढला. म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का? आधी व्हिसा घे, विमानात बस, तिथे पोहोच, मग काय ते बोल." मॅडमनीही हेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. तिने ऐकून घेतलं. मग मला शांतपणे म्हणाली, "काका, आपल्याकडे स्लाइडबद्दल शंका आली तर ती घरी न्यायची नाही, त्याच दिवशी सांगून टाकायची. हा नियम तुम्ही केलाय."

नियम मीच केला होता. तिने त्याच संध्याकाळी घरी जायच्या आधी प्रोफेसरना मेल केलं. नम्र होतं. माझी समजण्यात चूक होत असेल, पण हे दोन फोटो एकदा तपासून पाहाल का, एवढंच.

सहा दिवस काही आलं नाही. ती काम करत राहिली. मास्तर मला रस्त्यात गाठून विचारायचे, "तिकीट केव्हाचं काढायचं हो?" मी उगाच घड्याळ बघायचो.

सातव्या दिवशी उत्तर आलं, खुद्द प्रोफेसरांचं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. निष्कर्षाला काही बाधा येत नाही. हा प्रकार त्या वेळच्या टेक्निशियनच्या निष्काळजीपणामुळे झाला, ती बाई आता आमच्याकडे नाही. इतकी बारीक नजर आम्हाला हवीच आहे, तुझी वाट पाहतो.

"सुटलो," मॅडम म्हणाल्या. "मनाचा मोठा माणूस आहे. चूक मान्य केली की नाही?"

मायक्रॉन आणि मी मागच्या खोलीत आलो, तेव्हा ती म्हणाली, "काका, काप कापणाऱ्या बाईने तिचं काम केलं होतं. स्लाइड तिची. पण तिचा फोटो काढून, फिरवून, पेपरात दोन ठिकाणी लावणं हे टेक्निशियनचं काम असतं का कधी?"

"नसतं," मी म्हटलं.

आणि मग जे मी घरीही कधी सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्याकडे दोन पेशंटच्या स्लाइड अदलाबदल झाल्या होत्या. वेळेत लक्षात आलं, कुणाला इजा झाली नाही. अदलाबदल झाली होती तेव्हाच्या डॉक्टरांच्या टेबलावर. त्यांनी बघून झाल्यावर त्या चुकीच्या ट्रेमध्ये ठेवल्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माफीनाम्यावर सही माझी आहे. 'माझ्या निष्काळजीपणामुळे', असं त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तो कागद अजून ऑफिसच्या फायलीत असेल.

तिने विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुठे जाणार होतो बोलून?" मी म्हटलं. "मला दुसरीकडून कुणाचं पत्र आलेलं नव्हतं."

मोठ्या लॅबला आपण नाही म्हणणार, हे त्या संध्याकाळी ती मास्तरांना सांगायला गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. मला वाटलं दुकानात रडारड होणार. मास्तरांनी सगळं ऐकलं, पायाखालचं मशीन थांबवलं, चष्मा काढून पुसला. मोठं नाव हातचं गेलं याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं, ते लपवण्याइतके ते हुशार नाहीत. तो परत लावून म्हणाले, "त्या दुसऱ्या विद्यापीठाचं नाव मला नीट लिहून दे. उच्चार पण सांग. उद्यापासून लोकांना सांगायचंय." मग त्यांनी ते चार वेळा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा चुकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच खोलीत तिने त्या लहान विद्यापीठाला होकार कळवला. राहिला मोठ्याला नकार. मॅडम म्हणाल्या, "वैयक्तिक कारण आहे म्हणून लिही आणि मोकळी हो. हे क्षेत्र लहान आहे, हा माणूस तुला पुढे कुठेही आडवा येऊ शकतो." सल्ला चुकीचा नव्हता. मायक्रॉनने मान हलवली आणि लिहायला बसली. तिला लिहायला तासभर लागला. मग तिने मला बोलावलं.

वरच्या ओळीत आभार होते, दुसऱ्या ओळीत नकार होता. त्याखाली लिहिलं होतं: 'मीही टेक्निशियन आहे. तुमच्या पेपरातला तो काप मी नीट पाहिला. कोपऱ्यातली एक सुरकुती सोडली, तर तो उत्तम कापलेला आहे, आणि सुरकुती माझ्याही हातून पडते. फोटो दोनदा लागला यात तो काप काढणाऱ्या बाईंची चूक नाही. हे त्यांना कुणीतरी सांगावं, अशी माझी विनंती आहे.'

मी ते दोनदा वाचलं. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या एका बाईसाठी ही पोर आपल्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला अंगावर घेत होती. मला त्या बाईचा हेवा वाटला आणि या पोरीचा अभिमान वाटला.

"काही बदलू का काका?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "माझ्या वेळी हे लिहायला कुणी नव्हतं. पाठव."

तिने पाठवलं.