दाण्याएवढा थर

एकतीस वर्षं ती दातांच्या डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभी होती. पेशंट तिला ताई म्हणत, डॉक्टर नुसतंच 'बाई'. सुरुवातीला ती चांदी घोटून द्यायची. चांदी किडक्या दाढेच्या खड्ड्यात बसून राहते, पण दाढेच्या भिंतींना धरत नाही; वर्षानुवर्षं चावून चावून पाचरीसारखी त्यांना फाकवते. पुढे दाताच्या रंगाचं सिमेंट आलं. ते निळ्या दिव्याखाली कडक होतं आणि कडक होताना आकसतं. भिंतींना चिकटलेलं असल्यामुळे त्यांनाही आत ओढतं.

"हे फार मायाळू आहे," डॉक्टरांनी तिला तेव्हा समजावलं होतं, "म्हणून जपून भरायचं. तांदळाच्या दाण्याएवढा गोळा, एका भिंतीला, मग दिवा. दुसरा, दुसऱ्या भिंतीला, मग दिवा. मोठी दाढ म्हणजे आठ-नऊ थर. एकदम कोंबलं तर ताण भिंतींवर येतो, आणि भिंत बोलत नाही. एक दिवस फुटते."

गोळा काढून द्यायचं काम तिचं.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांची कंबर गेली. वाकून दहा मिनिटं झाली की कपाळावर घाम यायचा. "मोठा दे गं," ते म्हणू लागले. "दोन घासांत भरून मोकळे होऊ." पहिल्या महिन्यात तिने दिला. त्यातल्या दोन दाढा ठणकत परत आल्या, एकीच्या भिंतीला केसाएवढी चीर. तिला कळायचं ते कळलं. पण ज्याने शिकवलं त्यालाच त्याचा धडा परत कोणत्या तोंडाने शिकवायचा?

तिने तोंड उघडलंच नाही. गोळा लहान केला.

"बाई, मुंगीला भरवतेस का?"

"ट्यूब संपत आलीय डॉक्टर. नवी यायचीय."

चार वर्षं ती ट्यूब संपतच होती. डॉक्टर करवादायचे, दाण्याएवढं लावायचे, दिवा धरायचे, पुन्हा हात पुढे करायचे. दाढा टिकत होत्या. संध्याकाळी हातमोजे काढताना ते म्हणायचे, "कंबर गेली, पण हात शाबूत आहे, बघ." ती म्हणायची, "हो ना."

या चार वर्षांत तिने रजा घेतली नाही. मग धाकट्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि दोन दिवस जावंच लागलं. बहीण खाटेवरून म्हणाली, "तुझ्या डॉक्टरांचेच दात पडतील ना, तेव्हा सुटशील तू." दोघी हसल्या. बहिणीचे टाके ओढले गेले, तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. हिची नजर मात्र घड्याळावर होती.

त्या दोन दिवसांत डॉक्टरांनी चार जणांच्या दाढा एकट्याने भरल्या.

तीन आठवड्यांनी त्यांतला एक, कोपऱ्यावरचा शिंपी, गालाला रुमाल लावून आला. "काल नुसतं चावलं हो, काडकन आवाज झाला." दाढ मधोमध उभी चिरली होती, पार मुळापर्यंत. काढावीच लागली. तोंडात बोळा धरून शिंपी बोबडं बोलला, "चूक माझीच, डॉक्टर. मीच नीट सांभाळली नाही." आणि हात जोडून गेला.

डॉक्टरांनी दाढेचे दोन तुकडे धुतले, खिडकीशी नेऊन भिंगाखाली कितीतरी वेळ पाहिले. मग बाहेरचं दार लावून घेतलं.

"बाई, मला रोज देतेस तसा गोळा काढ."

काचेची पट्टी पुढे होती. मोठा काढला असता तर शिंप्याचं नशीब म्हणून सगळं मिटलं असतं. पण बाकीच्या तिघांच्या तोंडात तशाच दाढा होत्या, आणि त्या तिघांनाही चीर पडेपर्यंत काहीच कळणार नव्हतं. तिने दाण्याएवढा काढला.

डॉक्टरांनी त्याच्या शेजारी आपल्या हाताने एक काढला. वाटाण्याएवढा. दोन्ही गोळे पट्टीवर शेजारी शेजारी पडून राहिले.

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"आणि मी समजत होतो..." ते स्टुलावर बसले. "सांगायचं होतंस."

"तुम्हाला लागलं असतं."

"लागलं असतं. दोन दिवस धुमसलो असतो, तुला वाट्टेल ते बोललो असतो, मग ताळ्यावर आलो असतो. आज शिंप्याची दाढ त्याच्या तोंडात असती."

आवाजात राग नव्हता. चार वर्षांत आपण किती दाढा वाचवल्या, हे ती रात्री अंथरुणावर मनाशी म्हणत आली होती. आता त्यांतली एकही आठवेना. ट्रेमधले ते दोन तुकडे तेवढे दिसत होते.

डॉक्टरांनी एका तरुण दातांच्या डॉक्टरला फोन लावला. "तीन पेशंट पाठवतोय. फिलिंग काढून पुन्हा करावी लागतील." मग थांबून, "हो, माझीच." फोन ठेवून ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून मी भरणार नाही. त्या तिघांना तू कळव. माझ्याच्याने होणार नाही."

तिने रजिस्टर उघडलं, पहिला नंबर फिरवला. पलीकडे एक बाई होत्या, मागे नळाचा आवाज.

"पुन्हा कशाला यायचं, ताई? दुखत तर काहीच नाही. काही बिघडलंय का?"

काही नाही हो, सहजच, हे तिच्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं तिने ते किती जणांना सांगितलं होतं. स्टुलावर डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडून बिघडलंय. त्या बाजूने चावू नका. उद्याच या, दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा भरून घेऊ."