अक्काची गारगोटी

भुताखेतांवर, नवससायासांवर माझा कधीच विश्वास नव्हता. थोडा जरी असता, तरी पुढचं काही घडलं नसतं... म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. येरमाळ्यापासून चार कोसांवर आमचं गाव. मागं दाटीचा डोंगर, त्याच्या एका अंगाला उघडा, दुसऱ्या अंगाला धाकटा — ही नावं आमच्या गावानंच ठेवलेली. झाडी फक्त दाटीवर. चैत्रात बायका पत्रावळ्यांसाठी पळसाची पानं आणायला तिथं जायच्या. पायथ्याला एक सपाट खडक होता. वर जाताना प्रत्येकीनं त्यावर आपला दगड ठेवायचा आणि उतरल्यावर आपला आपणच उचलायचा. खडकावर दगड उरला असेल तर कुणी घरी जायचं नाही, हाका मारत थांबायचं.

माझी थोरली बहीण, अक्का, लाल रेघेची एक पांढरी गारगोटी ठेवायची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि डोक्यात हवा गेली होती. दगड काय माणसाला राखतो होय, असं म्हणून मी तिला चिडवायचो.

"राखत न्हाय रे," ती म्हणायची, "सांगतो."

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी खडकापाशी गेलो आणि तिची गारगोटी उचलून शेजारच्या आडात टाकली. फक्त तिचीच. संध्याकाळी ती आली की हसून सांगणार होतो, बघ, काही बिघडलं का?

अक्का आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सारा गाव तिला येरमाळ्याच्या जत्रेत शोधत होता, एस.टी.च्या थांब्यावर, वाटेवरच्या विहिरींत. खडकावर दगड नाही म्हणजे ती उतरलीच, म्हणून डोंगरावर कुणीच जाईना. त्या दिवशी बायकांत सगळ्यांत शेवटी डोंगर उतरलेल्या कोंडाबाई मला रडत म्हणाल्या, "मास्तर, दगड न्हवता वं. असता तर म्या तिथनं पाय उचलला असता का?"

खरं सांगायची लाज वाटली, भीती वाटली. एकटाच दाटीवर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडलो. अख्खा दिवस माझ्या गप्प बसण्यात गेला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की गारगोटी मीच फेकली. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. माणसं उठली आणि डोंगराकडं चालू लागली. दरीच्या काठाला पानांचा भारा सापडला, नीट बांधलेला. अक्का कुठंच नाही — दाटीवर नाही, उघड्यावर नाही, धाकट्यावर नाही.

आठव्या दिवशी आता पुरे म्हणून सगळे उतरलो. खडकावर गारगोटी होती. लाल रेघेची. ओली.

आडात टाकली हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तसाच दोर बांधून आत उतरलो, गुडघाभर पाण्यात तळ चाचपला. तिथं ती नव्हती.

कोंडाबाई खडकाजवळ बसल्या. "दगड हाय," त्या म्हणाल्या. "आता म्या उठत न्हाय."

दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी हाका मारल्या. नंतर कितीतरी दिवस मारल्या.

गारगोटी अजून तिथंच आहे. ज्याची त्यानंच उचलायची, म्हणून कुणी हात लावत नाही. ती आडातून वर कशी आली, याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि आता ते मला नकोही आहे. दर चैत्रात काठी टेकत जातो, खडकापाशी उभा राहून हाक मारतो. दगड सांगतो म्हणायची ना ती... म्हणजे ती अजून वरच आहे. मग अक्का ओ का देत नाही?