भिंतीतून येणारं धुम-धुम

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या मुलाला बँडमध्ये सगळे खांब म्हणायचे. गायक स्टेजभर उड्या मारायचा, ड्रमवाला घामाने निथळायचा, आणि हा बेस गिटार गळ्यात अडकवून जागचा हलायचा नाही.

वर्षभर तो घराच्या मागच्या खोलीत एकाच गाण्याचा बेस घोटत होता. भिंतीपलीकडे वडिलांची खाट. बस आगारातून निवृत्त झाल्यावर दुपारची झोप हेच त्यांचं एकमेव सुख उरलं होतं, आणि सुट्टीच्या दिवशी नेमकं तेव्हाच भिंतीतून धुम-धुम सुरू व्हायचं. भांडून भांडून दोघंही थकले, तेव्हा तह झाला.

"गाणं बाहेर येऊ दे," वडील म्हणाले. "त्यात तुझं वाजवणं मला ऐकव. ऐकू आलं तर खोली तुझी. नाही तर ते खोकं बाहेर आणि माझी खाट आत."

खोकं म्हणजे त्याचा अ‍ॅम्प्लिफायर. खांब मनात हसला. ही काय अट झाली?

गाणं गायकाच्या मेव्हण्याच्या स्टुडिओत तयार झालं. तिथले स्पीकर कपाटाएवढे. बेस सुरू झाला की टेबलावरचा चहाचा कप थरथरत कडेला सरकायचा.

"खांब, पुरे ना? अजून वाढवला तर माझे शब्द बुडतील," गायक म्हणाला.

खांबाने कपाकडे बघितलं आणि मान डोलावली.

गाणं आलं आणि चक्क चाललं. गायकाच्या आवाजाचं कौतुक करताना लोक थकेनात. दुकानाच्या मालकाने काउंटरवर फोन ठेवून ते मोठ्याने लावलं.

"झकास. पण यात तू कुठे आहेस?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मालकाने फोन कानाशी नेला. "मग रजेवर होतास वाटतं."

खांबाने वाकून ऐकलं. खरंच नव्हता. नखाएवढ्या स्पीकरमधून इतका खालचा सूर निघतच नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण कपाटाएवढ्या स्पीकरसमोर बसून एकालाही फोनवर ऐकून बघायचं सुचलं नव्हतं. आणि लोक तर फोनवरच ऐकत होते.

त्याने गायकाला फोन लावला. "बेसचे वरचे सूर थोडे चढवून पुन्हा टाकू या."

"चाललेल्या गाण्याला हात लावतात का कुणी? हेडफोन लावून ऐका म्हणावं."

वडील हेडफोनकडे बघायलाही तयार नव्हते. "कानात बोळे घालून मी काही ऐकत नाही."

"मग अ‍ॅम्पवर लावतो."

"खोकं काय करतं ते मला माहीत आहे. चार लोक ऐकतात तसं ऐकव."

फोन टेबलावर ठेवला गेला. वडिलांनी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. "चांगलं आहे. पण तुझं धुम-धुम नाही यात. काढून टाकलं का त्यांनी?"

"आहे हो बाबा. फोनमधून येत नाही एवढंच."

"विटांच्या भिंतीतून येतं, आणि फोनमधून येत नाही?"

"अहो, लावा ना ते कानाला," आई आतून म्हणाली. "पोरगं रडकुंडीला आलंय."

"आणि मध्येच थबकून खाली घसरतं, ते कुठे गेलं?" वडिलांनी विचारलं.

"कोणतं?"

वडिलांनी दोन बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं. धुम, धुम-धुम. मग थांबले, आणि पुढचे तीन ठोके.

खांबाने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. वडिलांची बोटं चालू लागली. दुसऱ्या कडव्यातला जो थांबा गायक अजूनही चुकवायचा, तिथे ती बरोबर थांबली, आणि बरोबर परत आली. फोनवरचं ते गाणं खांब पहिल्यांदाच बेससकट पूर्ण ऐकत होता.

"बाबा, हेच. हाच मी."

"हे मी वाजवलं," वडील उठत म्हणाले. "ऐकवायचं होतंस तू."

आणि त्यांनी खाटेची एक बाजू उचलली. "चल, तिकडून धर."